माळवदाच्या घरात थुंकून शिकार करणारा कोळी दिसला, लेकरांना धोका आहे का?

औसा_रोड

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात आमचं गाव आहे, जुनं माळवदाचं घर, महालक्ष्म्या बसवायच्या म्हणून सगळं घर झाडून काढायला घेतलंय. मधल्या खोलीतल्या देवळीत जुने डबे होते ते हलवले तर मागं भिंतीला एक बारका कोळी दिसला. अंग पाच-सहा मिलिमीटर असेल, रंग फिक्कट पिवळसर, त्यावर काळे ठिपके, पाय लांब आणि एकदम बारीक. मी काही त्याला हात लावला नाही, मोबाईलचा टॉर्च लावून बघत बसलो, कारण त्याच्यापासून बोटभर अंतरावर एक बारकं पाखरू बसलं होतं आणि हा कोळी त्याच्याकडं अगदी सावकाश एकेक पाय टाकत चालला होता. मग थांबला. उडी नाही, झडप नाही, काहीच नाही, पण पाखरू जागच्या जागी फडफडायला लागलं आणि सुटेना. जवळून बघितलं तर पाखराच्या दोन्ही बाजूंनी भिंतीवर बारीक नागमोडी धागे पडलेले, चिकट, ओले दिसत होते. त्यानंतर कोळी आरामात पुढं गेला आणि चावला.

त्याच देवळीत वरच्या कोपऱ्यात तसाच अजून एक आहे, त्याच्या तोंडात पांढरट गोळी धरलेली दिसते.

आता अडचण अशी की आमची चुलती म्हणते हा कोळी माणसाच्या अंगावर थुंकला की फोड येतात, आणि पुतणीच्या मानेवर परवाच लाल पट्टा उठून त्यावर पाण्याचे फोड आलेत. घरात सगळे म्हणतात ह्यानंच केलं, फवारा मारून टाक. मला मारायचं जिवावर आलंय पण लेकरू महत्त्वाचं. कुणाला ह्या कोळ्याची नीट माहिती असेल तर सांगा, विषारी आहे का, आणि फोडाचा आणि ह्याचा काही संबंध आहे का?

परभणीचा_किडेवाला

दादा फवारा मारू नका, आधी हे वाचा.

तुम्ही जे बघितलं ते फार कमी लोकांना बघायला मिळतं. हा स्कायटोडस, थुंकणारा कोळी. ह्या वंशाला हे नाव १८०४ साली लात्रेय ह्या फ्रेंच अभ्यासकानं दिलं, जगात ह्याच्या दोनशेच्या वर जाती आहेत, भारतातही अनेक. ओळखायची सोपी खूण म्हणजे पुढचा भाग. बाकीच्या कोळ्यांचा डोक्याकडचा भाग चपटा किंवा बसका असतो, ह्याचा मागच्या बाजूला घुमटासारखा वर आलेला असतो, बाजूनं फोटो काढा म्हणजे लगेच कळेल. आणि समोरून झूम केलं तर डोळे सहाच दिसतील, दोन-दोनच्या तीन जोड्या. बहुतेक कोळ्यांना आठ असतात.

तो घुमट उगीच नाही. आत ग्रंथींची एक जोडी असते आणि एवढ्याशा जिवाच्या मानानं ती प्रचंड मोठी असते, घुमट तिच्यासाठीच आहे. प्रत्येक ग्रंथीचे दोन भाग, पुढच्या भागात विष तयार होतं आणि मागच्या भागात डिंक म्हणा, रेशीम म्हणा, अशा प्रकारचा चिकट द्रव. शिकार टप्प्यात आली की आतले स्नायू एकदम आवळतात, त्या दाबानं द्रव दोन्ही विषदातांतून बाहेर पिचकारला जातो, आणि तो बाहेर पडत असताना दात डावी-उजवीकडं थरथरत असतात. म्हणून तुम्हाला भिंतीवर सरळ रेघ न दिसता नागमोडी दिसली, साडीला पिको करताना मशीनवर धागा जातो ना, अगदी तसं. उजव्या दाताची एक नागमोड, डाव्याची एक, दोन्ही शिकारीवर पडतात आणि कडेला भिंतीला चिकटतात. चिकटल्यावर ते धागे आकसतात म्हणजे शिकार अजून घट्ट आवळली जाते.

आणि वेग ऐका. २००९ साली अमेरिकेत ह्याच वंशातल्या थोरॅसिका जातीवर हायस्पीड कॅमेरा लावून काम झालं. सगळं थुंकणं ३५ मिलिसेकंदाच्या आत उरकतं, दातांची थरथर सेकंदाला १७०० च्या वर जाऊ शकते आणि द्रवाचा वेग सेकंदाला जवळजवळ २९ मीटर मोजला गेला, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर. तुम्हाला काहीच हललेलं दिसलं नाही ते ह्यामुळं, डोळ्याला ते दिसूच शकत नाही.

पण टप्पा किती? एक-दोन सेंटिमीटर. त्यापलीकडं नेम लागत नाही. म्हणून तो पळत जात नाही, दिसतंही त्याला फारसं नाही, पुढचे लांब पाय हळूच पुढं करून अंदाज घेत घेत जातो. पायावरच्या बारीक केसांना हवेची हालचाल कळते, त्यावरनं समोरचा प्राणी किती लांब आहे हे त्याला समजतं. थुंकल्यावर जवळ जाऊन चावतो, धाग्यानं गुंडाळतो, आतलं सगळं पातळ करून शोषून घेतो आणि रिकामं टरफल टाकून देतो. देवळीत खाली बघा, पाखरांची, डासांची अशी टरफलं पडलेली असतील.

तोंडात गोळी धरलेली ती मादी आहे. ती गोळी म्हणजे अंडी.

उदगीर_एक्स्प्रेस

सहा डोळे म्हणताय तर मग हा रिक्लूज पण असू शकतो ना? मी व्हिडिओत बघितलंय, त्याला पण सहा डोळे तीन जोड्या असतात आणि त्याच्या चाव्यानं मांस सडतं. घरात लहान लेकरू आहे, रिस्क कशाला घ्यायची, मी तर म्हणेन साफ करून टाका, नंतर बसून अभ्यास करा.

परभणीचा_किडेवाला

भाऊ तुमचा मुद्दा बरोबर आहे की डोळे दोघांचे सारखे मांडलेले असतात, लॉक्सोसेलेस म्हणजे रिक्लूज कोळ्याची जात भारतात पण सापडते. म्हणूनच फक्त डोळ्यावर जाऊ नये. रिक्लूजचा पुढचा भाग चपटा असतो, घुमट नसतो. रंग एकसारखा तपकिरी, अंगावर असे काळे ठिपके नसतात, असलाच तर पुढच्या भागावर गडद डाग. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रिक्लूज थुंकत नाही. औसा रोडवाल्या दादांनी नागमोडी धागे डोळ्यानं बघितलेत, हे काम दुसरा कुठलाच कोळी करत नाही, त्यामुळं इथं शंकेला जागाच नाही.

उदगीर_एक्स्प्रेस

ओके, घुमटाचं माहीत नव्हतं. पण मग त्या थुंकीत विष असेलच ना, एकाच ग्रंथीतून येतंय म्हणताय तर. लेकराच्या डोळ्यात गेलं तर?

परभणीचा_किडेवाला

चांगला प्रश्न आहे, बऱ्याच जुन्या पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं की विषारी डिंक थुंकतो. पण २००५ मध्ये पॅलिडा ह्या आशियातल्या जातीवर प्रयोग झाले त्यात असं दिसलं की नुसत्या थुंकीनं किडा मरत नाही, तो फक्त अडकून राहतो, मारायचं काम चाव्याचं. त्याच प्रयोगात अजून एक गोष्ट आली की कोळी थुंकी जपून वापरतो, शिकार जास्त धडपडली तर जास्त थुंकतो, शांत असली तर कमीत भागवतो. तयार करायला महाग पडतं ना ते, एवढ्याशा अंगात.

माणसावर तो थुंकायला येतच नाही. दाबला, छेडला तर बचावासाठी थुंकू शकतो पण टप्पा सांगितला तेवढाच, आणि दात इतके बारीक की आपल्या कातडीतून जायची मारामार. माणसाला ह्याच्यापासून धोका नाही. मानेवरच्या फोडाचं मात्र कुणी डॉक्टर असतील तर त्यांनी सांगावं, मला कारण दुसरंच वाटतंय.

नांदेड_त्वचाविकार

मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. दर पावसाळ्यात ओपीडीत असे पेशंट रोज येतात आणि जवळजवळ सगळे हेच सांगतात, डॉक्टर कोळी मुतला, कोळी फिरला, कोळी थुंकला. कोळ्याचा ह्यात काही हात नसतो.

तुम्ही सांगितलेलं वर्णन म्हणजे लाल पट्टा, त्यावर पाण्याचे फोड, मान, पावसाळा, हे पेडेरस नावाच्या किड्याचं असायची शक्यता जास्त आहे. हा कोळी नाही, भुंग्याच्या गटातला बारीक लांबट किडा आहे, सात ते दहा मिलिमीटर, नारिंगी आणि काळे पट्टे, मध्ये निळसर चमक असलेले आखूड पंख. तो चावत नाही, डंख मारत नाही. रात्री ट्यूबलाइटला येतो, खाली झोपलेल्या माणसाच्या मानेवर, गालावर, हातावर उतरतो, आणि आपण झोपेत हातानं चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं रसायन कातडीला लागतं. चिरडत ओढला गेला म्हणून पट्टा उठतो. त्याच वेळी काही होत नाही, एक-दोन दिवसांनी आग व्हायला लागते आणि फोड येतात, तोपर्यंत किडा कुठं पडलेला कुणाला आठवणार. मग नजरेसमोर कोपऱ्यातला कोळी असतो, नाव त्याचं होतं. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत लागलं तर घडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन सारखे डाग उठतात, ते दिसलं की मला पेशंटला फार विचारावं लागत नाही.

पुतणीला आत्ता काय करायचं ते सांगतो. ती जागा साबणाच्या पाण्यानं हलक्या हातानं धुवा, थंड पाण्याची घडी ठेवा, फोड फोडू नका, चुना, हळद, शाई, चिखल काही लावू नका. तिनं तोच हात डोळ्याला लावू नये ह्याकडं लक्ष द्या, डोळ्याजवळ गेलं तर त्रास फार होतो. आणि एकदा जवळच्या डॉक्टरला दाखवाच, फोटोशिवाय इथं बसून मी पक्कं सांगणार नाही, कारण एका बाजूला पट्ट्यानं फोड म्हणजे नागीणही असू शकते, तिचं औषध वेगळं आहे आणि ते लवकर सुरू करावं लागतं. पेडेरसचं असेल तर दोन-तीन आठवड्यात बहुतेक सगळं जातं, काळसर डाग काही दिवस राहतो.

घरात सगळ्यांना सांगून ठेवा, अंगावर असला किडा बसला तर चापट मारायची नाही, फुंकर मारून उडवायचा किंवा कागदावर घेऊन बाहेर टाकायचा. रात्री झोपायच्या खोलीतला लाईट बंद करा, मच्छरदाणी लावा.

किल्लारीकर

डॉक्टर साहेबांचं एकदम पटलं. आमच्याकडं शेतात सोयाबीन आहे, पावसाळ्यात रात्री पाण्याच्या पाळीला गेलं की हेडलाईटवर हे नारिंगी किडे येतात, अंगावर चिरडला की असंच होतं, सगळ्या गावाला माहितीय पण नाव मात्र कोळ्याचंच घेतात.

ते कोळी माळवदातच असतात असं काही नाही बरं का. आमचं गाव १९९३ च्या भूकंपानंतर सगळं नवीन वसाहतीत आलं, माळवदं गेली, सिमेंटची घरं झाली, तरी मीटरच्या पेटीमागं, पुस्तकाच्या कपाटात, पोत्याच्या थप्पीमागं हे ठिपकेवाले कोळी आहेतच. मला एवढंच विचारायचंय की ह्यानं घरातले डास कमी होतात का, तसं असेल तर पोरांना सांगायला बरं.

परभणीचा_किडेवाला

डास कमी होतात असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला सांगू. एक शिकार झाली की हा बराच वेळ तिच्यावरच बसतो, आणि घरात असून असून असतात किती. डासासाठी टाकीवर झाकण आणि साचलेलं पाणी उपसणं हेच. पण कपाटात पुस्तकं कुरतडणारे चंदेरी किडे असतात ते, बारकी पाखरं, माशा आणि विशेष म्हणजे दुसरे कोळी, हे सगळं तो खातो. रात्री फिरतो, दिवसा फटीत दबून असतो, म्हणून घरात असून कुणाला पत्ता नसतो.

औसा_रोड

सगळ्यांचे आभार. पुतणीला तालुक्याला दाखवून आणलं, डॉक्टरांनी किड्याचंच सांगितलं, मलम दिलंय, चुलतीनं पण शेजारी बसून सगळं ऐकलं त्यामुळं घरात आता फवाऱ्याचा विषय बंद.

आता ती अंडीवाली मादी रोज बघतोय मी. गोळी तोंडातच धरून असते, पोटाखालून बारीक धागे पण लावलेत गोळीला. एक डास अगदी तिच्याजवळ बसला होता तरी तिनं काही केलं नाही. तोंडात गोळी असताना ती थुंकणार कशी आणि खाणार काय? उपाशीच राहते का?

सातारा_परिसर_कोळीप्रेमी

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, मी छत्रपती संभाजीनगरात असते, कोळी बघायचा नाद आहे.

तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. अंडी तोंडात असली की थुंकायची वाट बंद होते, थुंकायचं असेल तर आधी गोळी सोडायला लागते, आणि ती मादी सहजासहजी सोडत नाही. पिल्लं बाहेर येईपर्यंत ती तशीच सांभाळते. म्हणजे जे एकमेव हत्यार आहे तेच तिनं अंड्यासाठी बाजूला ठेवलेलं असतं.

आणि हे कमकुवत ठिकाण कुणाला तरी नेमकं माहिती आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. फिलिपीन्समध्ये लॉस बान्योस नावाच्या ठिकाणी पोर्शिया लॅबियाटा ही उडी मारणारी कोळ्याची जात आहे, ती दुसरे कोळी खाते. तिथलाच थुंकणारा कोळी उलट उडी मारणाऱ्या कोळ्यांना खातो. म्हणजे दोघं एकमेकांचे शिकारी. समोरून गेलं तर पोर्शियावर थुंकी पडणार आणि ती संपणार, म्हणून पोर्शिया लांबचा वळसा घेऊन मागच्या बाजूनं येते, वळसा घेताना कधी कधी शिकार तिच्या नजरेआड होते तरी ती बरोबर मागं पोचते. पण मादीच्या तोंडात अंडी आहेत असं दिसलं तर तीच पोर्शिया वळशाच्या भानगडीत न पडता समोरून जाते! रॉबर्ट जॅक्सन आणि दाईचिन ली ह्या संशोधकांनी हे सगळं प्रयोग करून दाखवलंय. पोर्शियाची नजर कोळ्यांमध्ये फारच चांगली, समोरच्या तोंडात गोळी आहे की नाही हे बघून ती रस्ता ठरवते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन-तीनदा परत वाचलं होतं.

पिल्लांचं म्हणाल तर काही जातींमध्ये ती बाहेर आल्यावर लगेच पांगत नाहीत, आईच्या जाळ्यातच राहतात आणि तिनं पकडलेली शिकार सगळी मिळून खातात. आपण कोळी म्हटलं की एकमेकाला खाणारे असंच धरून चालतो. मादागास्करमध्ये तर ह्याच वंशातली एक जात सापडली जी मोठी झाल्यावरही एकत्र राहते, एकाच जाळ्यात बरेच जण, शिकार मिळून पकडतात आणि मिळून खातात. २००६ साली तिचं वर्णन झालं आणि नावच सोशियालिस ठेवलं.

औसा_रोड

बाप रे, पोर्शियाचं भारीच आहे. आपल्याकडं असते का ती?

सातारा_परिसर_कोळीप्रेमी

हो, लॅबियाटा भारतात पण आहे, पण ती झाडोऱ्यातली, घराच्या देवळीत यायची नाही. तुमच्या भिंतीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्याचे छोटे उड्या मारणारे कोळी दिसत असतील, ते वेगळे.

औसा_रोड

एक शेवटचं. देवळी रंगवायची आहे, चुना मारणार आहेत उद्या-परवा. अंडीवाल्या मादीला दुसरीकडं कसं न्यायचं? झाडूनं ढकललं तर गोळी पडेल ना?

परभणीचा_किडेवाला

झाडू नको. जमत असेल तर तेवढी देवळी शेवटी रंगवा, पिल्लं सुटली की मग, तेवढ्यासाठी काही अडत नाही. नाहीच जमलं तर संध्याकाळी एक रुंद तोंडाची काचेची बाटली तिच्यावर अलगद पालथी धरा, भिंत आणि बाटलीच्या मधून जाड कागद सावकाश सरकवा, लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चांगला चालतो. घाई केली तर पाय अडकून तुटतात. मग माळ्यावर किंवा सामानाच्या खोलीत, जिथं चुना लागणार नाही अशा कोपऱ्यात बाटली आडवी ठेवून तोंड उघडं करा आणि तिथून निघून या, ती स्वतःच बाहेर येईल. बाटलीला आधी फिनेल, साबण काही लागलेलं नको. आणि खाली पडलेली टरफलं फेकू नका, एका पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो टाका, काय काय खाल्लंय ते बघू.

किल्लारीकर

फोटो टाका नक्की. मी पण मीटरच्या पेटीमागचं झाडून बघतो आज.